रजेच्या खेळातली सासू

सासू व्हायला कोणीच तयार नसे.

भुलाबाईच्या महिन्यात, म्हणजे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, आमच्या गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी एकेका घरच्या अंगणात जमायच्या. पाटावर मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मधे गणपती. टिपऱ्यांवर गाणी व्हायची. गाणी झाली की त्या घरची बाई खिरापतीचा डबा आणायची, आणि तो कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं. फुटाणे वेगळे वाजतात, शेंगदाणे वेगळे, आणि करंजी तर नुसती धप्प करून सरकते. एवढं सगळीकडेच होतं. पण गाणी संपणं आणि डबा येणं यांच्या मधे आमच्या गल्लीत आणखी एक खेळ असायचा. तो मी पुढं दुसऱ्या कुठल्या गावात पाहिला नाही. आम्ही त्याला रजेचा खेळ म्हणायचो.

एक पोरगी सून. तिच्या काखेत फडक्याचं गाठोडं. एक पोरगी सासू, ती पालथ्या टोपल्यावर बसलेली. सून म्हणायची, "आत्याबाई, मले माहेराले जाऊ द्या." सासूनं नाही म्हणायचं, आणि का नाही ते सांगायचं. सुनेनं ते कारण तोडायचं. तुटलं की तिनं तुळशीकडं एक पाऊल टाकायचं. टोपल्यापासून तुळस आठ पावलं. तुळशीला हात लागला की सून माहेरी पोचली. मधेच कुठं तिला उत्तर सुचलं नाही, तर साऱ्या पोरी टिपऱ्या एकदम वाजवायच्या, सून हरली. आणि हरलेल्या सुनेनं त्या वर्षी पुन्हा रजा मागायची नाही, असा कायदा. लिहिलेलं काही नसायचं. सुचेल ते बोलायचं, पण सोंगातून बाहेर यायचं नाही. हसली ती बाद.

सून व्हायला भांडणं लागायची. सासू कोण, म्हटलं की सगळ्यांची बोटं माझ्याकडं. मी सगळ्यांत लहान, आणि आवाज घोगरा.

"तुह्या नरड्यात सासूच बसली हाये वं," पोरी म्हणायच्या.

मी कंबर वाकवायची, डोळे वटारायची, काठी आपटायची. "नाई पाठवत! जाय, भांडे घास!" सून म्हणायची, भांडे झाले आत्याबाई. एक पाऊल. पाणी भर. भरलं. दोन पावलं. आठ पावलं व्हायला वेळच लागायचा नाही. सगळ्या हसायच्या, मग डबा यायचा, आणि मी टोपल्यावरून उठून गुपचूप फुटाणे खायची. अकरा वर्षांची होते. मला हरणं सोसत नसे. अजूनही सोसत नाही. ते मी लपवत नाही, कारण त्या हट्टावरच मी पुढं शिकले. आमच्या घरात माझ्या आधी कोणी शाळेची चौथी इयत्ता ओलांडली नव्हती.

चौथीपर्यंत गेलेली म्हणजे माझी ताई. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मायच्या हाताशी कोणी तरी पाहिजे होतं, आणि आम्ही दोघी होतो. मोठी घरी राहिली, लहानी शाळेत गेली. यात कोणी कोणाला विचारलं नाही. ती मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायची, आणि दप्तर माझ्या खांद्यावर देताना त्याचा पट्टा सरळ करायची.

रजेच्या खेळात ताई सून झाली की मजा यायची, कारण तिला सोंग करावं लागत नसे. ती खरंच मागायची. पण तिच्यात एक खोट होती. समोरचीचं म्हणणं तिला खरं वाटलं, की तिचा पाय उचलत नसे.

गल्लीच्या टोकाला एक विधवा काकू राहायची. एक मुलगा, एक सून. सुनेला माहेरी पाठवत नाही म्हणून साऱ्या गल्लीत तिचं नाव खराब. मी तिच्याकडं ताक आणायला जायची. एक दिवस ती ओसरीत वाती वळत बसली होती. मी गडवा खाली ठेवला आणि सरळ विचारलं,

"काकू, तुमी सुनेले माहेराले काऊन नाई पाठवत?"

तिचा हात थांबला. "तुले कोनं पाठवलं हे इचाराले?"

"कोनं नाई. मले सासू कराची हाये."

"कोनाची सासू?"

"भुलाबाईत. रोज हारून राह्यली मी."

काकू हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. समोरचे दोन दात नव्हते. मग ती पुन्हा वाती वळायला लागली आणि मला वाटलं, आता काही सांगत नाही. पण सांगितलं.

"एकडाव पाठवली होती. दसऱ्याले गेली, ते संक्रांतीले आली. पोरगा सकाळी वावरात जाते, संध्याकाळी येते, जेवते, आडवा होते. तीन महिने मी या घरात भांड्यायसोबत बोलली, पोरी. सून असली का भांडाले तरी कोनी असते. आता ती माहेराचं नाव काढते, अन् मले ते तीन महिने दिसते."

"मंग हे तिले सांगा ना."

"सांगू? सांगतलं का तीच माह्यी सासू होऊन बसन. जाय आता, ताक आंबन."

दुसऱ्या दिवशी भुलाबाई आमच्याच अंगणात होती आणि ताई सून होती. मी कंबर वाकवली नाही. काठी घेतली नाही. टोपल्यावर सरळ बसले आणि रिकाम्या बोटांनी मांडीवर वाती वळायला लागले. पोरी कुजबुजल्या, "हे काय करून राह्यली?" पहिली पाच कारणं मी साधीच दिली, ती ताईनं तोडली. सहाव्याला मी म्हटलं,

"जाय तू. पन एक सांगून जाय. तू गेल्यावर मी कोनाशी बोलू?"

"मामंजीशी बोला."

"मामंजी भिंतीवर हाये. फोटोत."

कोणी हसलं नाही.

"तुमच्या लेकाशी बोला, आत्याबाई."

"लेक झोपते."

तुळस तीन पावलांवर होती. ताई माझ्याकडं बघत राहिली. मी तिची लहान बहीण आहे, माझी वेणी तिनंच सकाळी घातली, हे ती विसरली होती. तिनं मागं वळून गाठोडं खाली ठेवलं, टोपल्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मंग नाई जात मी."

कायद्यानं ती हरली होती, पण टिपऱ्या वाजल्या नाहीत. माय दारात डबा घेऊन उभी होती, ती पदरानं डोळे पुसत होती. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी तोंड फिरवलं.

त्या वर्षापासून शेजारच्या गल्लीतल्या बायासुद्धा आमचा खेळ पाहायला यायला लागल्या. मी पुढं आणखी दोन वर्षं सासू केली, दरवर्षी वेगळी. पुष्कळ वर्षांनी मी शिक्षिका झाले, तेव्हा गॅदरिंगच्या नाटकातल्या पोरी विचारायच्या, बाई, दुष्ट बाईचं काम कसं करायचं? मी सांगायची, आधी दुष्ट हा शब्द सोडून द्या. तिला आपण दुष्ट आहोत हे ठाऊक नसतं. तिला वाटतं, सगळ्यांत जास्त अन्याय आपल्यावरच झाला. तिचं माहेर कुठलं ते ठरवा. ती तिथं शेवटची कधी गेली ते ठरवा. नाटकात एकदा तरी तिच्या हातून काही चांगलं होऊ द्या, सुनेच्या ताटात आधी भाकर पडू द्या. ती बोलून दाखवते ते कारण खरं असलं पाहिजे. खोटं कारण कोणीही तोडतं. आणि त्याच्या खाली अजून एक कारण असतं, ते ती कोणाला सांगत नाही, कधी कधी स्वतःलासुद्धा. ते तुम्हाला माहीत पाहिजे, प्रेक्षकाला नाही कळलं तरी चालेल.

एवढं सांगून मी थांबायची. हे शेवटचं मला कुठून कळलं, ते पोरींना सांगितलं नाही.

ताईचं लग्न अल्लीपूरच्या पुढच्या एका खेड्यात झालं. घर बरं, वावर बरं, मुलगा शांत. फारच शांत. घरात सगळं सासूच्या हातात. मी एकदा दोन दिवस राहून आले. सासू उंच, काटक, कमी बोलणारी. कापूस वेचून बोटांची टोकं फाटलेली. मला तिनं सकाळी पेलाभर दूध दिलं, आणि ताईला दिलं नाही. मी ते पाहिलं. पण मी आणखी काय काय पाहिलं! ती धान्याच्या खोलीची किल्ली कमरेला लावून झोपते. तिचं माहेर गिरडच्या बाजूला. भावाशी वाकडं आलं तेव्हापासून वीस वर्षं तिकडं पाऊल ठेवलं नाही. दोनदा घरात चोरी झाली, एकदा तर घरच्याच माणसानं केली. मी मॅट्रिक झाले होते, वर्ध्याच्या कॉलेजात जाणार होते, आणि मला वाटत होतं, काय सासू आहे! मी तिच्याकडं बहिणीची सासू म्हणून पाहतच नव्हते. सोंग म्हणून पाहत होते.

वर्ध्यात मी एका नात्यातल्या बाईच्या घरी मागच्या खोलीत राहायची. शनिवारी दुपारच्या एस.टी.नं गावी. आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. बाबा पारावर बसून माझा मार्कांचा कागद खिशातून काढून दाखवायचे. त्यांना ते वाचता येत नसे. घरात काही ठरवायचं झालं की ते म्हणायचे, "शनिवारी लहानी येते, तिले इचारू." बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना माझ्या तोंडून निघालेला शब्द त्या घरात कायदा होता. हे मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षी संक्रांतीच्या आधी ताई आली. एकटी, न कळवता. मी शनिवारी घरी पोचले तर ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. गाल बसलेले. मला पाहून हसली, हातानंच जवळ बस म्हणाली.

दोन महिन्यांपूर्वी तिचं बाळ गेलं होतं. सातव्या महिन्यात सासूनं तिला वेचणीला लावलं, वावरातच पोटात दुखायला लागलं, बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं आणि संध्याकाळपर्यंतसुद्धा राहिलं नाही. बाराव्या दिवशी ती पुन्हा वावरात. हे सगळं मायनं मला चुलीपुढं सांगितलं, आणि म्हणाली, "ती आता जाऊ नाई म्हन्ते. मी म्हन्तो, नको जाऊ."

त्या संध्याकाळी मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आले. ताई मायसोबत आत होती. मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते. बाहेर ते बाबांना म्हणत होते,

"मोठी घरी बसली तं लहानीले कोन करन? लोक दोन्ही पोरींयले नावं ठेवतीन. ठेवाचीच असन मोठीले, तं लहानीचं आंधी उरकून टाक. ते परीक्षा-बिरीक्षा राहू दे."

"मार्चात हाये परीक्षा," बाबा म्हणाले.

"मार्चापर्यंत गाव थांबते का?"

मी पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते आज आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आल्यावर आम्ही सगळे ओसरीत बसलो. ताई पुन्हा शेंगा सोलत होती. माय दाराला टेकून. बाबांनी डोक्याचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला.

"तू शिकली हायेस," ते मला म्हणाले. "आमाले काय समजते? हिनं राहावं का जावं, तू सांग."

मी ताईकडं पाहिलं. "तू बोल आंधी. काय काय तरास हाये?"

मला वाटलं, मी न्यायानं विचारते आहे.

"कोठीच्या खोलीले कुलूप लावते ती," ताई म्हणाली. "पीठ मोजून देते. मी का चोर हाये?"

"तिच्या घरात दोनदा चोरी झालती ताई. एकडाव तं घरच्याच मानसानं केली. तुले नाई, ती साऱ्यायलेच कुलूप लावते."

ताईनं मान हलवली. खरं होतं ते.

"हे माह्यासोबत बोलत नाई तिच्यापुढं."

"तो लहानपनापासून तसाच हाये. तूच सांगतलं होतं."

"माहेराले पाठवत नाई. दिवाळीले म्या मागितलं, तं म्हने कापूस कोन वेचन."

"ती सोता वीस वर्षं माहेराले नाई गेली. तिले वाटते, बाईचं असंच असते."

माय म्हणाली, "अवो, तू कोनाकून बोलून राह्यली?"

"कोनाकून नाई माय. दोन्ही बाजू पाहाव्या लागतात." हे वाक्य मी शुद्ध बोलले, कॉलेजातल्यासारखं.

ताईनं हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. मग हळू म्हणाली, "लेकरू गेलं वं माह्यं."

इथं मी थांबायला पाहिजे होतं. कोणीही थांबलं असतं. पण मला पुढचं वाक्य सुचलं होतं, आणि सुचलेलं वाक्य मला कधी गिळता आलं नाही.

"तिचाही नातूच गेला ना. ती नवव्या महिन्यात वावरात होती, तिचा पोरगा जगला, तिले वाटलं तुह्यंही जगन. ती रडली नसन का?"

ताईचे हात थांबले. ती खोटं बोलू शकली असती. नाही रडली, एवढं म्हणाली असती तर माझं सगळं तुटलं असतं आणि बाबांनी तिला ठेवून घेतलं असतं. ते त्या रुमालाशी चाळा करत त्याच एका शब्दाची वाट पाहत होते.

"रडली," ती म्हणाली. "लय रडली."

तिनं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तसं तिनं पूर्वी एकदाच पाहिलं होतं.

"मंग जातो मी," ती म्हणाली.

दुपारच्या एस.टी.नं बाबा तिला पोचवून आले. मी संध्याकाळी वर्ध्याला गेले आणि अभ्यासाला बसले.

बी.ए. झाले. दुसरा वर्ग. वर्ध्याच्या स्टुडिओत भाड्याचा काळा झगा घालून फोटो काढला, तो आमच्या ओसरीत लागला. बाबांनी गल्लीत जिलबी वाटली. ताईला निरोप गेला, तिनं उलट निरोप दिला, "तिले म्हना, लय चांगलं झालं." मला आर्वीला शाळेत नोकरी लागली, मग तिकडंच लग्न. ताईला पुढं दोन लेकरं झाली, जगली. सासूशी तिचं कसं चाललंय, हे ती सांगायची नाही आणि मीही विचारायची नाही. पण एक झालं. त्या दिवसानंतर ती कधी माहेरपणाला आपणहून आली नाही. बाबा आणायला गेले तर यायची, दोन दिवस राहायची, निघायची. बाबांचे गुडघे गेले, तसं तेही थांबलं. भुलाबाई आल्या-गेल्या. माय म्हणायची, सासू मोठी खाष्ट, पाठवतच नसन. मीही तेच म्हणायची.

मग माय अंथरुणाला लागली. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी रजा टाकून गावी आले. डॉक्टरांनी काय ते सांगितलं होतं. मी ताईला पत्र टाकलं, मायची तब्येत ठीक नाही, भेटून जा. आठ दिवस गेले. दुसरं टाकलं, लवकर ये. अल्लीपूरकडून येणारी एस.टी. दुपारी दीडला फाट्यावर थांबायची. दीड वाजला की मायची मान दाराकडं वळायची. दोन वाजले की म्हणायची, "नाई पाठवलं वाटते." मी स्वतः जाऊन तिला आणायला पाहिजे होतं. उद्या जाते, परवा जाते, म्हणत राहिले. मायला सोडून निघायची हिंमत होत नव्हती. सतराव्या दिवशी सकाळी माय गेली. माणूस धाडला, तेव्हा ताई आली. बरोबर तिची सासू.

सासू म्हातारी झाली होती. उंची कुठं गेली कोणास ठाऊक. तेरवीच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी तिच्याशी बोलतच नव्हते. माझ्या मनात तिला विचारायचं एकच वाक्य तयार होतं. पण तीच बोलली.

"म्या पाठवली असती वं. तुह्ये दोन्ही कागद पोरानं वाचून दाखवले. म्या म्हतलं, आता मागन, मंग मागन. दोन दिवसांचं भाकरीचं पीठही काढून ठेवलं होतं सोबत द्याले. तिनं मागितलंच नाई."

"मंग तुमी सांगाचं ना, जाय म्हनून!"

"सांगनार होती. पन लग्न झाल्यापासून एकडाव मागितलं तिनं, तवा म्या नाई म्हतलं. त्याच्यावर कधी नाव नाई काढलं माहेराचं. मले वाटलं, तिकडचं काही दुखत असन तिचं. आपन जाय म्हतलं, तं तिले वाटन, म्हातारी हाकलून राह्यली." तिनं तळहात पाहिले. "मले काय माहीत, इतकं जवळ आलं असन."

माझं वाक्य तसंच राहिलं. या बाईचं प्रत्येक कारण मला कळत होतं. इतक्या वर्षांत ताईची जी सासू मी डोक्यात बनवली होती, ती हिच्यापेक्षा किती तरी पक्की होती.

ताई मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले, एक ताट घेतलं, राख लावली.

"काऊन नाई मागितलं वं ताई? माय सतरा दिवस दाराकडं पाहत होती."

ती घासत राहिली. डोळे सुजलेले होते, पण आवाज साधा होता.

"हारली होती ना मी. हारल्यावर मागाचं नसते."

"तो एका वर्षाचा कायदा होता!"

"वर्ष कवा संपते, मले कोनं सांगतलं?"

मग मी तिला सांगितलं. मोठे बाबा काय म्हणाले ते, खिडकीतून मी काय ऐकलं ते. म्हटलं, ताई, त्या दिवशी मी तुझ्या सासूची बाजू घेतली नव्हती. मला परीक्षा द्यायची होती. तू राहिली असतीस तर माझं उरकून टाकलं असतं. तेव्हा मला स्वतःलाही हे नीट ठाऊक नव्हतं, असं सांगत होते मी. पण सांगता सांगता कळलं, की होतं.

ताईनं ताट माझ्या हातातून घेतलं, कारण मी नुसतीच एका जागी घासत होते.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"म्या बी आइकलं होतं त्यायचं बोलनं. भिंत कितीशी हाये आपली?" तिनं ताटावर पाणी ओतलं. "तू सासूचं सांगून राह्यली होती, ते म्या एकेक तोडलं असतं. कुलूप, कापूस, सारं. इतकी का मुकी हाये मी? पन तुह्यं कारन खरं होतं. खरं कारन मले कवा तोडता आलं?"

ती उठली, भांडी उन्हात पालथी मांडायला लागली, मोठं ताट आधी, मग लहान, लहानपणी मायनं शिकवलं होतं तसं.

तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या दोघी निघाल्या. मी मायच्या डब्यांतला एक डबा घेतला, शेंगदाणे-गूळ भरला, झाकण लावलं. फाट्यावर एस.टी. यायला वेळ होता. सासू कडुनिंबाखाली बसली, ताई उभी होती, काखेत पिशवी. मी डबा तिच्या हातात दिला. तिनं सवयीनं तो कानाशी नेला आणि हलवला.

"ओळख," मी म्हटलं.

क्षणभर तिचं तोंड तसंच झालं, अंगणात व्हायचं तसं. मग तिनं डबा खाली घेतला आणि पिशवीत ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "घरी गेल्यावर आत्याबाई ओळखतीन. त्यायले कोनी खेळाले नाई."

एस.टी. आली. सासूला पायरी चढता येईना, ताईनं तिला काखेत हात घालून वर घेतलं. मी खाली उभी राहून ओरडले, "ताई, दिवाळीले येजो!"

तिनं खिडकीतून हात हलवला. येतो म्हणाली की नाही, ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.